पासलिब सोडून आर्गॉन२कडे जाताना

पायथनमध्ये लिहिलेल्या कितीतरी वेब-प्रणालींत पासवर्ड हॅश करायचे, म्हणजे त्यापासून उलट काढता न येणारा मजकूर बनवून तो साठवायचे, काम पासलिब ही लायब्ररी वर्षानुवर्षे करत आली. लायब्ररी फार विचारपूर्वक बांधलेली होती. ती काढायला घेतली की हे पदोपदी जाणवते, कारण ती न बोलता करत असलेली कामे एकेक करून आपल्या अंगावर येतात. पण तिची १.७.४ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२० मध्ये आली आणि पुढची आलीच नाही. भोवतालचे मात्र बदलत राहिले. पायथन ३.१३ मधून क्रिप्ट हे मॉड्यूल काढून टाकले गेले. पासलिब आतून वापरते त्या बीक्रिप्ट या हॅशिंग-पद्धतीची पायथन लायब्ररी ४.० मध्ये रस्टमध्ये नव्याने लिहिली गेली. ४.१ पासून तिचा आवृत्ती-क्रमांक जुन्या जागी मिळेना, म्हणून तो तिथेच शोधणारी पासलिब लॉगमध्ये इशारा टाकू लागली. तिथपर्यंत निभावत होते. सप्टेंबर २०२५ मध्ये बीक्रिप्ट ५.० आली आणि काम अडले.

बीक्रिप्ट हा अल्गोरिदम पासवर्डचे पहिले ७२ बाइटच विचारात घेतो. आधीच्या आवृत्त्या पुढचा भाग मुकाट्याने कापून टाकत. ५.० मध्ये ७२ पेक्षा जास्त बाइट दिले की सरळ एरर येते. आता गंमत अशी होते की कोणी आठ अक्षरांचा पासवर्ड टाकला तरी ‘पासवर्ड ७२ बाइटपेक्षा लांब असू शकत नाही’ असा संदेश दिसतो. तो पाहून लोक फॉर्ममधून येणारी किंमत तपासतात, पासवर्ड कापून पाठवतात, एन्कोडिंग बघतात. संदेश तसाच राहतो. कारण एरर त्या पासवर्डमुळे आलेलीच नसते. पासलिब बीक्रिप्ट पहिल्यांदा वापरताना स्वतःची एक चाचणी करते. फार लांब पासवर्डची लांबी चुकीची मोजली जाण्याचा एक जुना दोष काही बीक्रिप्ट अंमलबजावण्यांत होता, तो हाताखालच्या लायब्ररीत आहे का हे ती २५५ बाइटांचा मजकूर देऊन पाहते. नवी बीक्रिप्ट त्या चाचणीलाच नकार देते. स्टॅक ट्रेस (एरर कुठल्या फंक्शनांतून वर आली त्याची यादी) खालपर्यंत वाचला तर ‘डिटेक्ट रॅप बग’ हे फंक्शन तिथे स्पष्ट दिसते.

बीक्रिप्टची ४.०.१ आवृत्ती पक्की बांधून ठेवली की तात्पुरते चालते. पण पासवर्डशी संबंधित लायब्ररी जुन्या आवृत्तीवर अडकवून ठेवणे हा तात्पुरताच उपाय असायला हवा. पुढे तीन वाटा आहेत. लिबपास ही पासलिबचीच चालू ठेवलेली शाखा आहे. आयात करायची नावे तीच राहतात आणि कोड जवळपास तसाच चालतो. पीडब्ल्यूडीलिब ही आर्गॉन२ (बीक्रिप्टपेक्षा नवा, मुद्दाम भरपूर मेमरी वापरणारा हॅशिंग-अल्गोरिदम) आणि बीक्रिप्ट एवढ्यापुरती छोटी लायब्ररी आहे. तिसरी वाट म्हणजे आर्गॉन२-सीएफएफआय ही आर्गॉन२ची पायथन लायब्ररी आणि बीक्रिप्ट थेट वापरून मध्ये स्वतःचे एक छोटे मॉड्यूल ठेवणे. ज्यांच्या टेबलात दहा प्रकारचे हॅश आहेत त्यांनी लिबपास घ्यावी, त्यात कमीपणा नाही. आमच्याकडे प्रकार मोजके होते, म्हणून तिसरी वाट घेतली. पुढचा तपशील त्या वाटेचा आहे, पण त्यातले बहुतेक खड्डे तिन्ही वाटांवर लागतात. लायब्ररी बदलायला थोडा कोड लागतो. टेबलात साठलेले हॅश मात्र लायब्ररी बदलली म्हणून बदलत नाहीत. त्यांच्यामागचा पासवर्ड आपल्याकडे नसतो आणि नसायलाच हवा. त्यामुळे सगळी आखणी त्या साठवलेल्या मजकुराच्या बाजूने करावी लागते.

आधी टेबलात काय आहे ते पाहणे

पासवर्डच्या कॉलममधली सुरुवातीची आठ-दहा अक्षरे आणि एकूण लांबी यांवर गट करून मोजणी घ्यायची. कागदोपत्री ‘आपण बीक्रिप्ट वापरतो’ असे असले तरी टेबल वेगळे सांगते. आमच्या मोजणीत निघालेले प्रकार असे: बीक्रिप्टचे $२ए$, $२बी$ आणि एका जुन्या पीएचपी प्रणालीतून आलेले $२वाय$, पासलिबच्या पद्धतीचे पीबीकेडीएफ२-एसएचए२५६ (एकाच हॅशच्या हजारो फेऱ्या करणारी जुनी पद्धत), बंद केलेल्या खात्यांसाठी ठेवलेले नुसते उद्गारचिन्ह, दुसऱ्या सेवेतून लॉगिन करणाऱ्यांच्या रिकाम्या जागा, आणि मोजके ६३ अक्षरांचे विचित्र हॅश. बीक्रिप्टचा हॅश बरोबर ६० अक्षरांचा असतो. ६३ अक्षरे दिसली की समजायचे, बाइट-स्वरूपातला हॅश एन्कोडिंग न उलगडता तसाच मजकूर म्हणून साठवला गेला आहे: पुढे ‘बी’ हे अक्षर आणि दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हे. ही तीन अक्षरे काढली की आतला हॅश धडधाकट असतो. ही चूक नव्या कोडमध्येही सहज शिरू शकते, कारण बीक्रिप्ट लायब्ररी बाइट घेते व बाइट देते आणि आर्गॉन२-सीएफएफआय मजकूर देते.

मग कॉलमची रुंदी. बीक्रिप्ट ६०, पासलिबचा नेहमीचा पीबीकेडीएफ२-एसएचए२५६ हॅश ८७ आणि आर्गॉन२-सीएफएफआयच्या मूळ मापांनी (मेमरी, फेऱ्या आणि धागे यांच्या) निघणारा हॅश ९७ अक्षरांचा. कॉलम ६० चा असेल तर पोस्टग्रेस निदान एरर देतो. मायएसक्यूएलमध्ये स्ट्रिक्ट मोड बंद असेल तर तो शेपूट कापून साठवतो आणि केवळ इशारा देतो. तो हॅश कायमचा गेला. आम्ही २५५ ठेवले. १२८ पुरेसे वाटते, पण गुंडाळलेल्या हॅशांना, ज्यांच्याविषयी पुढे लिहिले आहे, ते पुरत नाही. ठरावीक रुंदीचा कॅर प्रकार टाळावा: पोस्टग्रेस उरलेली जागा मोकळ्या जागांनी भरून परत देतो आणि शेपटीला मोकळी जागा असलेला आर्गॉन२ हॅश वाचताच येत नाही. ६० अक्षरांचा बीक्रिप्ट ६० च्या कॉलमात नेमका बसत असल्यामुळे ही अडचण आजवर दिसलेली नसते.

याच वेळी आणखी एक शोध घ्यायचा: हे टेबल आणखी कोण वाचते? मेल सर्व्हर, जुना प्रशासन-पॅनेल, अहवालांची प्रणाली. त्यांपैकी एकालाही आर्गॉन२ कळत नसेल तर पहिला नवा हॅश लिहिला जाईल त्या क्षणी तो वापरकर्ता तिथून बाहेर पडेल.

पडताळणीचे फंक्शन

नव्या मॉड्यूलचे हृदय एकच फंक्शन आहे: पासवर्ड आणि साठवलेला हॅश घ्यायचा, हॅशची सुरुवात पाहून योग्य पडताळणीकडे पाठवायचे. इथे पहिला सापळा क्रमाचा आहे. पासलिबच्या व्हेरिफायमध्ये आधी पासवर्ड, मग हॅश. बीक्रिप्टच्या चेकपीडब्ल्यूमध्येही तसेच. आर्गॉन२-सीएफएफआयमध्ये मात्र आधी हॅश, मग पासवर्ड. दोन्ही मजकूरच असल्यामुळे टाइप तपासणारे साधनही हे पकडत नाही. उलटे दिले की ‘अवैध हॅश’ अशी एरर येते; आणि कोणी सगळ्या एरर एकाच जाळ्यात पकडून ‘चूक’ असे उत्तर परत करत असेल, तर प्रत्येकाला ‘पासवर्ड चुकला’ एवढेच दिसते. दोन्ही किंमती नावानिशी द्यायच्या, हा साधा उपाय.

दुसरा फरक उत्तराच्या पद्धतीचा. पासलिब बरोबर किंवा चूक असे उत्तर देते. आर्गॉन२-सीएफएफआय बरोबर असेल तर होकार देते, जुळले नाही तर एरर फेकते, आणि हॅश वाचता आला नाही तर वेगळी एरर फेकते. या दोन एरर वेगळ्याच ठेवाव्यात. न जुळणे म्हणजे रोजची गोष्ट. न वाचता येणारा हॅश म्हणजे बिघडलेला डेटा, त्याची नोंद लॉगमध्ये वापरकर्त्याच्या क्रमांकासह व्हायला हवी. पासवर्ड किंवा हॅश मात्र लॉगमध्ये कधीच नको. एरर गोळा करणाऱ्या बऱ्याच सेवा फंक्शनमधल्या चलांच्या किंमतीही उचलतात. या मॉड्यूलपुरते ते बंद आहे याची खात्री करून घ्यावी.

रिकाम्या हॅशचे काय? पासलिबच्या कॉन्टेक्स्टला (सगळ्या प्रकारांचे हॅश सांभाळणाऱ्या तिच्या घटकाला) हॅशऐवजी काहीच दिले नाही तर ती एक खोटी पडताळणी करून तेवढाच वेळ घालवते आणि नकार देते. ते इतके अलगद होते की ते घडते आहे हेच अनेकांना माहीत नसते. थेट आर्गॉन२ वापरताना रिकामी किंमत दिली तर प्रोग्राम कोलमडतो आणि सर्व्हर ५०० देतो. आधी तपासून परत फिरावे तर उत्तर चटकन येते, आणि वेळ मोजणाऱ्याला खाते आहे की नाही ते कळते. म्हणून प्रोग्राम सुरू होताना कुठल्यातरी यादृच्छिक मजकुराचा एक हॅश बनवून ठेवायचा आणि खाते सापडले नाही, हॅश रिकामा असला किंवा उद्गारचिन्ह असले की त्याच्यावर पडताळणी करायची. स्थलांतराच्या काळात बीक्रिप्टवाले आणि आर्गॉन२वाले यांचा वेळ सारखा नसतो, त्यामुळे हे आवरण पूर्ण बसत नाही. ज्या प्रकारचे हॅश टेबलात जास्त, त्या प्रकारचा खोटा हॅश ठेवणे एवढे करता येते. पासलिब ४,०९६ अक्षरांपेक्षा लांब पासवर्ड नाकारते. ही मर्यादाही आता आपल्यालाच घालावी लागते.

पीबीकेडीएफ२ साठी वेगळी लायब्ररी लागत नाही, पायथनच्या हॅशलिबमध्ये ते आहे. फक्त पासलिब बेस६४ थोडे बदलून लिहिते: अधिक चिन्हाऐवजी पूर्णविराम, आणि शेवटची बरोबरची चिन्हे गाळलेली. सॉल्ट (पासवर्डमध्ये मिसळलेला, हॅशसोबतच साठवलेला यादृच्छिक भाग) उलगडण्याआधी पूर्णविरामाचे अधिक चिन्ह करायचे आणि लांबी चारच्या पटीत येईपर्यंत बरोबरचे चिन्ह जोडायचे. हे विसरले तर काही वापरकर्ते आत येतात आणि काही येत नाहीत, कारण पूर्णविराम प्रत्येक सॉल्टमध्ये नसतो. अशी अर्धवट अडचण शोधायला सर्वांत त्रासदायक. तुलना एचमॅक मॉड्यूलमधल्या कम्पेअर डायजेस्टने करावी, साध्या बरोबर-चिन्हाने नको.

७२ बाइट आणि शेपटीतली चूक

नव्या बीक्रिप्टला लांब पासवर्ड थेट देता येत नाही, म्हणून जुने हॅश पडताळताना यूटीएफ-८ मध्ये बदलून पहिले ७२ बाइट स्वतः कापावे लागतात. कापणी बाइटांची हवी, अक्षरांची नको. देवनागरीचे प्रत्येक युनिकोड चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे २४ चिन्हांत मर्यादा संपते, आणि मात्रा व हलन्त ही वेगळी चिन्हे असल्यामुळे वाचताना ती वीस अक्षरेही भरत नाहीत. मध्ये एखादा इंग्रजी अंक आला तर कापणी एका चिन्हाच्या पोटातून जाते. ते तसेच जाऊ द्यावे. जुन्या लायब्ररीनेही तिथेच कापले होते. ते ‘नीट’ करायला गेले तर हॅश जुळत नाही.

इथवर सोपे आहे. खरा धोका हॅश बदलताना येतो. एखाद्याचा पासवर्ड ९० बाइटांचा आहे. टाइप करताना ८० व्या बाइटापाशी बोट घसरले. बीक्रिप्टने पहिले ७२ पाहिले, ते बरोबर, लॉगिन झाले. आता आपला कोड आनंदाने त्या पूर्ण ९० बाइटांचा आर्गॉन२ हॅश बनवतो, चुकीच्या अक्षरासकट. आर्गॉन२ काही कापत नाही. दुसऱ्या दिवशी तोच माणूस आपला खरा पासवर्ड अचूक टाइप करतो आणि आत जाऊ शकत नाही. त्याच्या दृष्टीने त्याने काहीच बदललेले नाही. लॉगमध्येही काही सापडत नाही. म्हणून आमच्या कोडमध्ये नियम असा: जुना हॅश बीक्रिप्टचा आणि पासवर्ड ७२ बाइटांपेक्षा लांब असेल तर लॉगिन होऊ द्यायचे, हॅश बदलायचा नाही, खात्यावर खूण ठेवायची. त्या माणसाने पासवर्ड बदलला की, जिथे तो दोनदा टाइप करावा लागतो, तिथे नवा हॅश बनतो. अशी खाती फार नसतात, पण लांब वाक्यांचे पासवर्ड ठेवणारे हेच लोक सुरक्षेची सर्वांत जास्त काळजी घेणारे असतात. त्यांनाच बाहेर ठेवणे योग्य नाही.

देवनागरी पासवर्डांची आणखी एक गोष्ट, कारण आपल्या भाषेत ती हमखास भेटते. ‘वाऱ्यावर’ या शब्दातला अर्धा ऱ युनिकोडमध्ये तीन तऱ्हांनी लिहिता येतो: ऱ हे एकच चिन्ह आणि हलन्त, साधा र, त्याखाली नुक्ता आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात. बाइट मोजले तर पहिल्यात सहा, उरलेल्या दोन्हींत नऊ. एका कळफलकावर ठेवलेला पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून चुकतो तो यामुळे. एनएफसी हे युनिकोडचे प्रमाणीकरण केले तर पहिले दोन एक होतात. तिसरा वेगळाच राहतो. पासलिब बीक्रिप्टसाठी असे काहीच करत नाही, आलेला मजकूर जसाच्या तसा यूटीएफ-८ करते. म्हणून जुन्या हॅशची पडताळणी आलेल्या मूळ बाइटांवरच करायची. नव्या हॅशसाठी एनएफसी हवे असेल तर ते फक्त आर्गॉन२च्या बाजूला लावायचे, हॅश बनवताना आणि पडताळताना दोन्हीकडे. दोन्ही बाजूंना सरसकट लावले तर नुक्ता वेगळा टाइप करणारे जुने वापरकर्ते एका रिलीजमध्ये बाहेर पडतात. आणि फॉर्मच्या पातळीवर पासवर्डच्या आगेमागेच्या मोकळ्या जागा कोणी छाटत नाही ना, हेही याच वेळी पाहावे.

लॉगिनच्या वेळी हॅश बदलणे

पासवर्ड जुळला की आपल्याकडे तो क्षणभर उघडा असतो, तेवढीच संधी. पासलिबमध्ये व्हेरिफाय अँड अपडेट हे दोन्ही एकत्र करते. आर्गॉन२-सीएफएफआयमध्ये पडताळणीनंतर चेक नीड्स रीहॅश विचारायचे. ते फक्त आर्गॉन२च्या हॅशला विचारता येते. बीक्रिप्टचा हॅश दिला तर एरर येते, त्यामुळे आधी सुरुवात बघायची.

नवा हॅश लिहिताना ‘या क्रमांकाच्या वापरकर्त्याचा हॅश बदल’ एवढेच म्हणू नये. ‘या क्रमांकाच्या वापरकर्त्याचा हॅश अजून हाच जुना असेल तर बदल’ असे म्हणावे. कारण असे: फोनवर लॉगिन चालू आहे, जुन्या पासवर्डची पडताळणी झाली आहे, नवा हॅश बनतो आहे. त्याच वेळी संगणकावरून त्याच माणसाने पासवर्ड बदलला. फोनचा हॅश नंतर लिहिला गेला तर नुकताच टाकून दिलेला पासवर्ड पुन्हा जिवंत होतो. पासवर्ड चोरीला गेल्याच्या संशयाने तो बदलला असेल तर परिणाम काय ते सांगायला नको. एसक्यूएलच्या अटीत जुना हॅश घातला आणि शून्य ओळी बदलल्या, तर गप्प सोडून द्यायचे. पुढच्या लॉगिनला काम होईल.

हॅश बदलण्याला पासवर्ड बदलणे समजणाऱ्या जागा कोडमध्ये विखुरलेल्या असतात. मॉडेल सेव्ह झाले की सुटणारे ‘तुमचा पासवर्ड बदलला आहे’ हे ईमेल, पासवर्ड शेवटचा कधी बदलला याची तारीख, जुने पासवर्ड लक्षात ठेवणारे टेबल. जँगो या पायथनच्या वेब-फ्रेमवर्कमध्ये सेशनची वैधता पासवर्डच्या फील्डवरून काढलेल्या खुणेशी बांधलेली असते. हॅश बदलला की बाकी उपकरणांवरची सेशन्स संपतात, आणि आधी पाठवलेली पासवर्ड-रीसेटची लिंकही निकामी होते. म्हणून हा बदल ओआरएमच्या (कोडमधल्या मॉडेलांना डेटाबेसशी जोडणाऱ्या थराच्या) नेहमीच्या सेव्हमधून न जाता थेट त्या एका कॉलमवर केलेला बरा, आणि चालू सेशनची खूण त्याच विनंतीत ताजी करावी.

एकाच टेबलावर दोन सेवा लिहीत असतील तर दोघींची आर्गॉन२ची मापे एकच हवीत. नसली तर पहिली सेवा दुसरीचा हॅश जुना समजून बदलते, दुसरी पहिलीचा, आणि हे प्रत्येक लॉगिनला चालू राहते. पासवर्ड काम करतात, त्यामुळे कोणाला कळत नाही. फक्त डेटाबेसवरचे लेखन वाढलेले दिसते.

मेमरी

या स्थलांतरात सर्व्हर पडलाच तर बहुधा इथे पडतो. बीक्रिप्टला एका हॅशसाठी सुमारे ४ किबिबाइट कामाची मेमरी लागते. आर्गॉन२-सीएफएफआयची मूळ मापे आरएफसी ९१०६ या आर्गॉन२च्या प्रमाण-दस्तऐवजातल्या कमी-मेमरीच्या शिफारशीची आहेत: ६४ मेबिबाइट, ३ फेऱ्या, ४ समांतर धागे. ‘कमी मेमरी’ या नावावर जाऊ नये. एका वेळी २० जण लॉगिन करत असतील तर १,२८० मेबिबाइट फक्त याला. ५१२ मेबिबाइटची मर्यादा असलेला कंटेनर अशा वेळी लिनक्स कर्नल मारून टाकतो; पायथनचा स्टॅक ट्रेस मिळत नाही, फक्त १३७ हा एक्झिट कोड. चाचणी-सर्व्हरवर एकट्याने लॉगिन करून पाहिले तर यातले काही दिसणार नाही.

असिंक पद्धतीच्या, म्हणजे एकाच धाग्यात अनेक विनंत्या सांभाळणाऱ्या, सर्व्हरवर हॅश करणे वेगळ्या धाग्यात पाठवावे लागते, नाहीतर तेवढा वेळ बाकी सगळ्या विनंत्या थांबतात. पायथनच्या टू-थ्रेडमागचा धाग्यांचा साठा डीफॉल्टने कोअरच्या संख्येत ४ मिळवून, कमाल ३२ एवढा असतो. ४ कोअरच्या यंत्रावर ८ धागे, म्हणजे ५१२ मेबिबाइट. आणि अशा ४ वर्कर प्रोसेस असतील तर २ गिबिबाइट. म्हणून हॅशिंगसाठी स्वतंत्र सेमाफोर (एका वेळी किती जणांना आत सोडायचे ते ठरवणारा पहारेकरी) ठेवून एका प्रोसेसमध्ये एका वेळी दोन किंवा तीनच हॅश चालू द्यावेत. बाकीचे रांगेत काही मिलीसेकंद थांबले तर बिघडत नाही.

मापे कमी करायची असतील तर ओवास्प या वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या शिफारशीत १९ मेबिबाइट, २ फेऱ्या, १ धागा असा पर्याय आहे. एकच कोअर दिलेल्या कंटेनरमध्ये ४ समांतर धागे ठेवून वेग मिळत नाही, ते एकमेकांची वाट पाहतात. आपल्या खऱ्या यंत्रावर, खऱ्या कोट्यासह, एकाच वेळी अनेक लॉगिन सोडून वेळ मोजावा आणि मगच आकडे ठरवावेत. लॅपटॉपवर मोजलेला वेळ इथे उपयोगाचा नाही. स्वयंचलित चाचण्यांसाठी आर्गॉन२-सीएफएफआयमध्ये सर्वांत स्वस्त मापांचे एक तयार प्रोफाइल आहे. ते वापरले की चाचण्या चटकन होतात; मात्र प्रॉडक्शनमध्ये प्रोग्राम सुरू होताना मेमरीचे माप ठरलेल्या आकड्याखाली असेल तर सुरूच होऊ नये, अशी तपासणी घालावी.

रिलीजचा क्रम

सगळे एकाच रिलीजमध्ये टाकू नये. आधी कॉलम रुंद करायचा. मग असा कोड सोडायचा की जो जुने-नवे दोन्ही हॅश वाचतो पण लिहितो जुनेच. हा सगळ्या सर्व्हरवर पोचून स्थिरावला, की लिहिणे चालू करायचे, तेही सेटिंगच्या एका बटणाने: आधी नवी खाती आणि पासवर्ड-बदल, मग लॉगिनच्या वेळचे बदल. कारण रोलबॅक. वाचणे आणि लिहिणे एकत्र सोडले, तासाभरात दुसऱ्याच कुठल्या कारणाने मागे जावे लागले, तर त्या तासात ज्यांचे हॅश बदलले ते सगळे जुन्या कोडला अनोळखी. दोन टप्प्यांत केले तर एक पाऊल मागे गेले तरी वाचता येणारा कोडच हाती राहतो.

पहिल्या टप्प्याआधी जुन्या पासलिबच्या वातावरणात नमुना हॅश बनवून फाइलमध्ये साठवले होते. प्रत्येक प्रकारासाठी साधा पासवर्ड, रिकामा, ७१, ७२ आणि ७३ बाइटांचा, देवनागरी, अर्ध्या ऱच्या तिन्ही तऱ्हा, आगेमागे मोकळी जागा असलेला. शून्य-बाइट असलेला पासवर्ड पासलिब बीक्रिप्टसाठी नाकारते, तोही नकाराच्या यादीत. नवा कोड या फाइलवर चालवायचा. जुनी लायब्ररी काढून टाकल्यावर हे नमुने पुन्हा बनवता येत नाहीत, म्हणून ती फाइल कोडसोबतच ठेवावी.

जे परत येतच नाहीत

लिहिणे चालू झाल्यावर नव्या हॅशचे प्रमाण आधी भराभर चढते, मग सपाट होते. रोज येणारे संपतात, कधीमधी येणारे उरतात. बीक्रिप्ट १२ च्या कॉस्टचे (हॅश किती जड करायचा त्याचे माप) जे उरतील त्यांना हात लावायची घाई नाही. तो हॅश आजही चांगला आहे. पासलिबचे २९,००० फेऱ्यांचे पीबीकेडीएफ२ मात्र तसे नाही. ओवास्प या प्रकारासाठी ६,००,००० फेऱ्या सांगते. हे हॅश वापरकर्ता येण्याची वाट न पाहता गुंडाळता येतात: जुन्या हॅशमधला शेवटचा ३२ बाइटांचा भाग हाच पासवर्ड मानून त्याचा आर्गॉन२ हॅश करायचा. साठवताना स्वतःची एक सुरुवातीची खूण, मग जुन्या हॅशचा फक्त फेऱ्या आणि सॉल्ट असलेला ४३ अक्षरांचा भाग, मग ९७ अक्षरांचा आर्गॉन२ हॅश. एकूण १४० च्या वर, म्हणून २५५ चा कॉलम. जुना ३२ बाइटांचा भाग शेजारी राहू देऊ नये, नाहीतर चोराला गुंडाळलेले फोडायची गरजच उरत नाही. वापरकर्ता आला की आधी पीबीकेडीएफ२, त्याच्या निकालावर आर्गॉन२, आणि जुळले की साध्या आर्गॉन२ हॅशने जागा बदलायची.

गुंडाळण्याचे काम रात्री तुकड्यातुकड्यांनी चालवता येते. एका हॅशला ५० मिलीसेकंद धरले तर १ लाख ओळींना ५,००० सेकंद, म्हणजे दीड तासाच्या आत. इथेही ‘हॅश अजून जुनाच असेल तर’ ही अट हवीच, कारण मध्येच कोणी लॉगिन करत असते. आणि जुने बॅकअप विसरू नयेत: त्यांत न गुंडाळलेले हॅश आहेत. त्यांची मुदत संपून ते पुसले जाईपर्यंत त्या हॅशांपुरते काम अर्धेच झालेले असते.

रिक्वायरमेंट्सच्या फाइलमधून पासलिबची ओळ काढण्याआधी तिची आयात कुठे उरली आहे ते शोधावे. यादृच्छिक पासवर्ड बनवायला, टीओटीपीसाठी (ठरावीक वेळाने बदलणाऱ्या लॉगिन-कोडसाठी) किंवा एखाद्या कमांड-लाइन स्क्रिप्टमध्ये ती लपलेली असते. बीक्रिप्टची पडताळणी मात्र आणखी बराच काळ ठेवावी. तो कोड जेमतेम दहा ओळींचा आहे. पुढे कधी तोही काढायचा ठरला, तर उरलेल्या खात्यांच्या हॅशच्या जागी उद्गारचिन्ह ठेवावे. मग तो माणूस वर्षांनी परत आला तरी त्याची पडताळणी खोट्या हॅशवर होते, त्याला इतर कोणालाही दिसतो तोच नकार दिसतो, आणि शेजारच्या ‘पासवर्ड विसरलात?’ या लिंकवरून तो नव्या हॅशने आत येतो. त्यासाठी रीसेटचा कोड उद्गारचिन्ह असलेल्या खात्यांना ईमेल पाठवतो ना, हे आधी पाहून घ्यावे: जँगोसह काही प्रणाली वापरता न येणारा पासवर्ड असलेल्या खात्यांना रीसेटचे ईमेल पाठवतच नाहीत. आणि मुद्दाम बंद केलेली खाती व ही खाती यांची चिन्हे वेगळी ठेवावीत, म्हणजे बंद केलेले खाते या वाटेने उघडणार नाही.